जहाजाचा तळ आणि गुणवत्तेची व्याख्या : एक चिकित्सा

नौका-अभियांत्रिकी, शाश्वतता आणि गुणवत्ता-व्यवस्थापन ही तीन नावे एकाच शीर्षकात गुंफलेले प्रबंध व शोधनिबंध अलीकडे पुष्कळ दिसू लागले आहेत. त्यांतील बहुतेकांची रचना ठरीव असते. पहिल्या भागात जहाज, दुसऱ्यात समुद्र, तिसऱ्यात आयएसओ ९००१ व १४००१ या मानकांचा परिचय, आणि अखेरीस या तिहींचा समन्वय साधला पाहिजे अशी शिफारस. अशा लेखनास आंतरविद्याशाखीय म्हणावयाचे, तर एका चाळीत राहतात म्हणून तीन बिऱ्हाडांस एक कुटुंब म्हणावे लागेल. एका शास्त्राने गोळा केलेला पुरावा दुसऱ्या शास्त्रास आपली व्याख्या बदलावयास भाग पाडतो काय, हा प्रश्न या लेखनात सहसा विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखात तो एका मर्यादित विषयापुरता विचारावयाचा आहे. विषय आहे जहाजाच्या तळास लावावयाच्या रंगाचा. तो क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु वरील तिन्ही शास्त्रे जेथे खरोखर एकमेकांस भिडली, अशी इतकी स्पष्ट जागा दुसरी क्वचितच सापडेल.

समुद्रात बुडालेला कोणताही पृष्ठभाग फार काळ स्वच्छ राहत नाही. प्रथम जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, त्यावर शेवाळ येते, मग बार्नॅकल, नळीत राहणारे कृमी, शिंपले असा सारा संसार थाटला जातो. कोकणातला मच्छीमार होडी ओढून किनाऱ्यावर घेतो आणि तळ खरवडून काढतो, तो याच कारणासाठी. मोठ्या जहाजास हा उपाय सहजी करता येत नाही. त्यास सुक्या गोदीत न्यावे लागते, आणि गोदीतला प्रत्येक दिवस खर्चाचा. या वाढीमुळे जहाजास पाण्याचा विरोध किती वाढतो याचा हिशेब अमेरिकन नौदलाच्या एका फ्रिगेटच्या आधारे २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तळावर चुनखडीयुक्त कवचांचा दाट थर असल्यास नेहमीच्या गतीने जाण्यासाठी लागणारी शक्ती सुमारे ८६ टक्क्यांनी वाढू शकते, असा त्याचा निष्कर्ष होता. शक्ती म्हणजे इंधन, आणि इंधन म्हणजे धूरही. तेव्हा तळ स्वच्छ ठेवणे ही केवळ मालकाची काटकसर नव्हे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. पुढील सारी अडचण या मान्यतेतूनच उत्पन्न होते.

लाकडी जहाजांच्या काळात यावरील उत्तम उपाय म्हणजे तळास तांब्याचा पत्रा मारणे. ब्रिटिश नौदलाने 'अलार्म' या फ्रिगेटवर १७६१ मध्ये हा प्रयोग केला. पत्र्याशी लागून असलेले लोखंडी खिळे भराभर गंजतात असे तेव्हा आढळले. तरीही पुढे ही पद्धत रूढ झाली. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी युद्धनौका बांधल्या, त्यांसाठीही तांबे विलायतेहून येत असे. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा' या ब्रिटिश फ्रिगेटचा पाडाव केला. मुंबईस बांधल्या जात असलेल्या 'कॉर्नवॉलिस'साठी नेले जाणारे तांबे तिच्या पोटात होते.

हे तांबे खाऱ्या पाण्यात झिजते, आणि ते महाग असते. म्हणून नौदलाच्या अधिकाऱ्यांनी १८२३ मध्ये सर हम्फ्री डेव्ही यांस उपाय सुचविण्याची विनंती केली. डेव्ही यांनी दाखविले की, तांब्यास जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडला, तर तो तुकडा झिजतो आणि तांबे अभंग राहते. १८२४ मध्ये त्यांनी हे शोध रॉयल सोसायटीपुढे मांडले. धातूंच्या संरक्षणाची जी विद्युत्-रासायनिक पद्धत आज नळमार्गांपासून तेलविहिरींच्या मचाणांपर्यंत सर्वत्र वापरली जाते, तिचा उगम येथे आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने प्रयोग निर्दोष ठरला. जहाजावर मात्र तो फसला. तांबे झिजेना, आणि तळावर शेवाळ व बार्नॅकल यांची दाटी होऊ लागली. काही वर्षांतच नौदलाने ते संरक्षक तुकडे काढून टाकले. तांबे पाण्यात विरघळत होते, म्हणूनच तळ स्वच्छ राहत होता. ज्यास दोष समजून दूर केले, तेच त्या पत्र्याचे कार्य होते.

ही हकीकत पाठ्यपुस्तकांतून बहुधा डेव्ही यांच्या अपयशाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ते न्याय्य वाटत नाही. तांब्याची झीज कशी थांबवावी, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवलेला होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी अचूक दिले. प्रश्न भांडाराच्या हिशेबातून आलेला होता. जहाज चालविणाऱ्याच्या अनुभवातून तो आला असता तर त्याची मांडणी निराळी झाली असती. गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने येथे थांबून पाहावे. मोजमाप बिनचूक होते. मोजावयाची वस्तूच चुकीची निवडली गेली होती.

दीडशे वर्षांनंतरचा प्रसंग याच्या नेमका उलट आहे. १९७० नंतरच्या दशकात ट्रायब्युटिल टिन या कथिलाच्या सेंद्रिय संयुगावर आधारलेले रंग बाजारात आले. जुन्या रंगांतील विष आरंभी भसाभस सुटे आणि मग संपून जाई. नव्या रंगात ते संयुग बहुवारिकाच्या साखळीस रासायनिक बंधाने जोडलेले होते. समुद्राच्या पाण्याने तो बंध पृष्ठभागापुरताच तुटे, विष ठरावीक वेगाने बाहेर पडे, वरचा रिकामा थर पाण्यात विरघळून जाई आणि खालचा ताजा थर उघडा पडे. त्यामुळे रंग झिजताझिजता अधिक गुळगुळीत होई. एकदा लावल्यावर तो पाच वर्षांपर्यंत काम देई, म्हणजे दोन गोदीमुक्कामांमधील अंतर तो सहज भरून काढी. रसायनज्ञ व नौका-अभियंता यांनी एकत्र येऊन केलेली इतकी सुबक निर्मिती या क्षेत्रात आधी झाली नव्हती, हे तिच्या टीकाकारांनीही कबूल करावे. डेव्ही यांस जे दिसले नाही ते येथे पूर्णपणे उमगले होते. झीज हीच येथे योजनापूर्वक घडविलेली होती.

परंतु विष तळापाशी थांबत नाही. फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात कालवांची मोठी पैदास होते. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील कालवांची पिल्ले जगेनाशी झाली, आणि मोठ्या कालवांच्या शिंपा विकृत, जाड व थरथरांच्या बनू लागल्या. उपसागरात नांगरलेल्या हौशी होड्यांच्या तळांशी याचा संबंध जुळला, आणि जानेवारी १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरहून लहान नौकांवर हा रंग वापरण्यास बंदी घातली. कालव हे विक्रीचे पीक असल्यामुळे ही तक्रार लवकर ऐकली गेली, हेही लक्षात ठेवावे.

ज्या प्राण्यास बाजारात किंमत नव्हती त्याची साक्ष मात्र उशिरा नोंदली गेली. डॉगव्हेल्क हा इंग्लंडच्या खडकाळ किनाऱ्यावरचा एक लहान शंखधारी प्राणी. त्याच्या माद्यांच्या शरीरावर नराचे अवयव उगवतात, असे प्लिमथच्या परिसरात १९७० मध्ये दिसून आले होते. कारण कळले नव्हते. या विकृतीस इम्पोसेक्स असे नाव मिळाले. तिचे मूळ ट्रायब्युटिल टिनमध्ये आहे हे प्रस्थापित होण्यास १९८० नंतरचे दशक उजाडावे लागले. एका लिटर पाण्यात या विषाचा एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, असला तरी विकृती सुरू होते. प्रमाण वाढल्यास मादीचा अंडी घालण्याचा मार्ग बंद होतो आणि ती जागेवरच मरते. ब्रिटनने प्रथम लिटरला २० नॅनोग्रॅम हे सुरक्षिततेचे लक्ष्य ठरविले होते. नंतर ते २ नॅनोग्रॅमवर आणावे लागले. प्रयोगशाळेची उपकरणे जेथे अडखळत होती तेथे शंखातला प्राणी बिनचूक मापन करीत होता! मोठी जहाजे खुल्या समुद्रात असतात, त्यांचे विष विरून जाते, हा बचावही पुढे टिकला नाही. उत्तर समुद्रात जहाजांची वर्दळ जेथे अधिक, तेथील शंखांत विकृती अधिक, असे १९९० नंतरच्या पाहणीत आढळले. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९९ मध्ये भारतीय किनाऱ्यावरील इम्पोसेक्सची नोंद प्रसिद्ध केली. ज्या शंखात ती आढळली त्याच्या शास्त्रीय नावातच 'कोंकणेन्सिस' हे विशेषण आहे.

आता गुणवत्ताशास्त्राकडे वळू. फिलिप क्रॉस्बी यांच्या मते गुणवत्ता म्हणजे ठरविलेल्या अपेक्षांशी अनुरूपता. जोसेफ जुरान यांच्या मते उपयोगास योग्य असणे. दोन्ही कसोट्यांवर हा रंग उत्कृष्टच ठरतो, कारण अपेक्षा ठरविणारा आणि उपयोग करणारा एकच, तो म्हणजे जहाजाचा मालक. आर्काशाँचा कालवे पिकविणारा शेतकरी या व्यवहारात ग्राहकही नाही आणि पुरवठादारही नाही. गेनिची तागुची यांची व्याख्या अधिक उदार आहे. माल कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर त्यामुळे समाजाचे जे नुकसान होते, त्यावरून त्याची गुणवत्ता मोजावी, असे ते म्हणतात. म्हणूनच शाश्वततेवरील प्रबंधांत ही व्याख्या मोठ्या आदराने उद्धृत केली जाते आणि दोन शास्त्रांचा पूल बांधला गेला असे गृहीत धरले जाते.

परंतु त्या व्याख्येचा उत्तरार्ध बहुतेक जण गाळतात. वस्तूच्या मूलभूत कार्यामुळे होणारे नुकसान तागुची यांनी हिशेबाबाहेर ठेवले आहे. त्यांचे उदाहरण मद्याचे आहे. मद्याने नशा येते. नशा कमी केली तर ते मद्यच राहणार नाही. तेव्हा त्या नुकसानीचा विचार समाजाने व कायद्याने करावा, अभियंत्याने नव्हे. हा अपवाद आपल्या रंगास लावून पाहा. जीव मारणे हेच या रंगाचे मूलभूत कार्य आहे. मग कालवाचे मरणे हे त्या कार्यातच मोडते, की तो त्याचा अनिष्ट परिणाम? बार्नॅकल मेला तर गुण आणि कालव मेले तर दोष, असे म्हणावयाचे झाल्यास ही सीमा कोण आखणार? तागुची यांचे शास्त्र येथे मौन धरते, आणि ते मौन प्रामाणिक आहे. अपवाद गाळून व्याख्या उद्धृत करणाऱ्यांविषयी मात्र असे म्हणता येणार नाही.

यास एक उत्तर संभवते. रंगाचे कार्य मारणे हे नसून तळ गुळगुळीत ठेवणे हे आहे. मारणे हे केवळ साधन. कार्याची अशी मांडणी केली की विष आपोआप नुकसानीच्या रकान्यात येते, आणि मारल्यावाचून गुळगुळीत राहणारा पृष्ठभाग शोधण्याची वाट मोकळी होते. सिलिकोनचे निसरडे लेप याच विचाराचे फळ होत. त्यांवर जीव बसतात, पण घट्ट धरू शकत नाहीत. जहाज वेगाने चालले की पुष्कळसे निघून जातात. बंदरात महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या जहाजास मात्र त्यांचा उपयोग बेताचाच. तेव्हा रंगाची गुणवत्ता जहाजाच्या वेळापत्रकावरही अवलंबून राहते, आणि वेळापत्रक रंगाच्या कारखान्याच्या हाती नसते.

दुसरीकडे पर्यावरणाचा पक्षही एकजिनसी नाही. अमेरिकन नौदलाच्या विनाशिकांच्या एका वर्गाचा हिशेब २०११ मध्ये मांडला गेला. तळावरील वाढीमुळे त्या संपूर्ण वर्गास वर्षाकाठी सुमारे ५ कोटी ६० लाख डॉलरचा भुर्दंड पडतो, आणि त्याचा फार मोठा भाग जादा इंधनाचा आहे, असे त्यात दिसते. हिशेब काटेकोर आहे, पण त्यात समुद्राचे खाते नाही. लेखकांनी ते उघडण्याचा दावाही केलेला नाही. उलट शंखांच्या अभ्यासांत इंधनाचे खाते नसते. धूर कमी करणारा रंग शंख मारतो आणि शंख वाचविणारा रंग कदाचित धूर वाढवितो. 'शाश्वतता' हा एकच शब्द दोन्हींकडे लावल्याने हा विरोध मिटत नाही, झाकला मात्र जातो.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेला करार सप्टेंबर २००८ मध्ये अमलात आला आणि सेंद्रिय कथिलाचे रंग हद्दपार झाले. त्यांच्या जागी तांब्याचे रंग आले आणि त्यांच्या जोडीला सहायक विषे आली. त्यांतील सायब्युट्रीन शेवाळास मारते, पण तळावरच्या शेवाळात आणि खाडीतल्या वनस्पतींत भेद करीत नाही. १ जानेवारी २०२३ पासून त्याच करारान्वये तेही निषिद्ध झाले. हल्ली पाण्याखालीच यंत्राने तळ घासून काढण्याची पद्धत पुढे येत आहे. तीत घासलेला रंग, त्यातील तांबे आणि परदेशी बंदरांतून आलेले जीव यांपैकी किती गोळा होते आणि किती बंदराच्या पाण्यात राहते, हा प्रश्न आहे. मुंबई किंवा मार्मागोवा येथे अशा सफाईवर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम एवढेच ठरवावे, की सफाई 'उत्तम' झाली हे तळ पाहून म्हणावयाचे, इंधनाची वही पाहून, की बंदरातला गाळ तपासून. आणि या तिहींची उत्तरे जुळली नाहीत, तर आपल्या प्रबंधात कोणाचा शब्द अखेरचा मानावयाचा.