वचन कुठं तोडतात?

तिसऱ्या पाळीला रात्री तीनच्या सुमाराला चहाची सुट्टी होते. आमच्या सूतगिरणीत रिंग फ्रेम खात्यात एक वयस्क साइडर आहेत, नगरकडचे, ख्रिस्ती. मी त्यांना काका म्हणतो. ते जय ख्रिस्त म्हणतात, मी जय भीम म्हणतो, आणि आम्ही एकाच डब्यातली भाकरी खातो. त्यांच्या खिशात एक पुस्तिका असते. रोज एक पान. वर तारीख, खाली बायबलातलं एक वचन, त्याखाली पंधरा-वीस ओळींचं मनन, शेवटी दोन ओळींची प्रार्थना. चहा गार होईस्तोवर काका ते पान वाचतात.

मागच्या हिवाळ्यात एका रात्री बदलीवाला आला नाही. सुपरवायझरनं काकांच्या गळ्यात दुसऱ्याच्याही साइडी मारल्या. काका म्हणाले, साहेब, गुडघा चालत नाही. तर तो सगळ्यांदेखत जातीवरून बोलला. धर्म बदलला म्हणून काय अंगाचा वास बदलला का, असलं बोलला. माझ्या हातातली बॉबिन थरथरली. काका गप्प राहिले आणि दुप्पट साइडी चालवल्या. सुट्टीत मी भडकलो. त्यांनी पुस्तिका काढली आणि त्या दिवसाचं पान माझ्यापुढं धरलं. फिलिप्पैकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय. ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा असून ते धरून बसला नाही, त्यानं स्वतःला रिकामं केलं, दास झाला, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत नमला. खाली मनन: ख्रिस्ताचा स्वभाव नम्रतेचा आहे, आज कामाच्या जागी तुमचा अभिमान दुखावला तर हा स्वभाव आठवा.

त्या पानाशी माझं भांडण तिथून सुरू झालं. मी बौद्ध आहे, देव मानत नाही. ख्रिस्त किती देव आणि किती माणूस हा माझ्या पोटचा प्रश्न नव्हे. तो प्रश्न ४५१ साली काल्सेडनच्या परिषदेत बिशपांनी निकालात काढला, एक व्यक्ती, दोन स्वभाव. ती परिषद रोमच्या बादशहानं बोलावली होती. ज्याला रोमच्या सुभेदारानं खिळे ठोकले त्याचा स्वभाव रोमच्या बादशहाच्या देखरेखीखाली ठरला, एवढंच ध्यानात ठेवून मी पुढं जातो. माझा प्रश्न साधा आहे. मोठ्या पुस्तकातून रोजचा तुकडा कोण तोडतं, आणि कुठं तोडतं?

ही रोजच्या वचनाची चाल जुनी. जर्मनीत हेर्नहूट गावी काउंट झिन्झेनडॉर्फ नावाच्या सरदारानं १७२८ साली आपल्या मंडळीला रोज एक वचन द्यायला सुरवात केली. १७३१ पासून त्याचं छापील पुस्तक निघतं, ते आजही निघतं, पन्नासाहून जास्त भाषांत. जुन्या करारातलं वचन तिथं चिठ्ठी काढून ठरवतात. सोरटच म्हणा. मला ही गोष्ट ऐकून आधी बरं वाटलं, निदान कुणा भटानं निवडलेलं नाही! पण वचन चिठ्ठीनं निघालं तरी त्याखालचा अर्थ चिठ्ठीनं निघत नाही. ह्याच मंडळीनं १७३२ पासून वेस्ट इंडिजमधल्या सेंट थॉमस बेटावर काळ्या गुलामांत प्रचार केला. तिथं मिशनच्या मालकीचा मळा होता आणि त्यावर गुलाम राबत. झिन्झेनडॉर्फ १७३९ साली स्वतः तिथं गेला आणि निघताना गुलामांना सांगून आला की धन्याच्या आज्ञेत राहा, हा भेद देवानंच केला आहे. म्हणजे पान रोज नवं, अर्थ रोज जुनाच.

त्याहून उघडा प्रकार १८०७ सालचा. लंडनला एक बायबल छापलं, ब्रिटिश वेस्ट इंडिजमधल्या निग्रो गुलामांच्या वापरासाठी निवडलेले भाग, असं त्याच्या नावातच आहे. प्रॉटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय असतात, त्यातले ह्यात २३२. इजिप्तच्या गुलामीतून लोक बाहेर पडले तो निर्गमचा सगळा भाग गायब. दास नाही, स्वतंत्र नाही, सगळे एक, असं सांगणारं गलतीकरांच्या पत्रातलं वचन गायब. दासांनो धन्याची आज्ञा पाळा, हे इफिसकरांच्या पत्रातलं मात्र शाबूत. गंमत बघा, खोटं एक अक्षर घातलं नाही. फक्त तोडलं. तोडण्यानंच काम झालं.

आता काकांच्या पुस्तिकेतलं दुसरं पान घेतो. लूकच्या चौथ्या अध्यायातलं. येशू आपल्या गावी, नासरेथला, सभास्थानात उभा राहतो. त्याच्या हाती यशया संदेष्ट्याची गुंडाळी देतात. तो वाचतो: दरिद्र्यांना शुभवर्तमान, कैद्यांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, ठेचलेल्यांना मोकळीक. मग गुंडाळी मिटतो आणि म्हणतो, हे आज तुमच्यादेखत पुरं झालं. पान इथंच संपतं. मनन सांगतं, ख्रिस्ताचा स्वभाव कनवाळू.

मी काकांचं जाड बायबल मागून आणलं आणि पुढं वाचलं. आधी लोक खूष होतात. आपल्या योसेफाचाच पोरगा ना हा, म्हणतात. मग येशू दोन गोष्टी काढतो. दुष्काळात इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, पण एलीयाला पाठवलं ते परमुलखातल्या सारफथच्या विधवेकडं. कुष्ठरोगी पुष्कळ होते, पण बरा झाला तो सूरियाचा नामान. म्हणजे, देव तुमच्या जातीचा मालकीचा नाही. झालं! तीच माणसं उठतात, त्याला गावाबाहेर काढतात आणि डोंगराच्या कड्यावरून लोटून द्यायला नेतात. कनवाळू माणसाला कुणी कड्यावर नेत नाही दोस्तहो. चवदार तळ्यावर पाणी पिणाऱ्यांची डोकी का फुटली, ते ज्याला माहीत आहे त्याला हा कडा नवा नाही. ख्रिस्ताचा स्वभाव शोधायचा तर मला तो ह्या कड्यावर सापडतो, आणि पानावर नेमका कडाच नाही. देवळात वाचायच्या पाठांतसुद्धा तिसऱ्या वर्षाच्या चक्रात हा प्रसंग दोन रविवारांत कापलेला आहे. एका रविवारी गुंडाळी, कडा पुढच्या रविवारी.

इथं माझ्याविरुद्ध जाणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तोडणं येशूनंही केलंय. यशयात त्या वाक्याच्या पुढंच देवाच्या सूडाचा दिवस आहे. येशू त्याच्या आधी थांबला. आणि ठेचलेल्यांना मोकळीक हे यशयाच्या दुसऱ्याच अध्यायातलं, ते त्यात सांधलेलं आहे. म्हणजे तोडलं म्हणून पाप झालं, असं मला म्हणता येत नाही. आमच्या खात्यात दिवसभर धागा तुटतो आणि आम्ही सांधतो. तुटला की नाही हे कुणी विचारत नाही, कुठं आणि कशाला सांधला ते कापडात दिसतं.

आता पुन्हा दास. मराठीत हा शब्द भक्तीनं इतका गुळगुळीत केलाय की कुणालाही लागत नाही. रामदास, दासबोध, कुणाचंही आडनाव दास. पौलाच्या ग्रीकमध्ये तिथं डूलॉस आहे. डूलॉस म्हणजे बाजारात विकला जाणारा माणूस. आणि वधस्तंभ ही मुख्यतः त्याच्यासारख्यांची शिक्षा होती. स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर, इसवी सनापूर्वी ७१ साली, रोमनांनी रस्त्याच्या कडेनं सहा हजार गुलाम असेच टांगले. पौल ज्यांना लिहीत होता त्यांना हे ठाऊक होतं. देव दास झाला असं ऐकल्यावर धनी लोकांच्या अंगावर काटा यायला पाहिजे. पण मननकार ते दासालाच वाचून दाखवतो आणि सांगतो, तूही खाली उतर. अरे, तो वरून खाली आला! काका आणखी कुठं उतरणार? खाली त्यांचा गुडघा आहे आणि गिरणीची फरशी.

हा सवाल मला पहिल्यांदा सुचला नाही. अमेरिकेतल्या हॉवर्ड थर्मन ह्या काळ्या धर्मोपदेशकाचं १९४९ सालचं एक छोटं पुस्तक आहे, येशू आणि वारसा नाकारलेले लोक ह्या विषयावरचं. डिक्शनरी घेऊन वाचायला मला तीन महिने लागले. थर्मनची आजी गुलामीत जन्मलेली. तिला वाचता येत नव्हतं, नातू बायबल वाचून दाखवायचा. पौलाची पत्रं मात्र ती वाचू द्यायची नाही, प्रीतीवरचा एक अध्याय सोडून. कॉलेजात गेल्यावर त्यानं कारण विचारलं. ती म्हणाली, धन्याचा गोरा उपदेशक वर्षातनं तीन-चारदा पौलातलंच वाचायचा, दासांनो आज्ञेत राहा. तेव्हाच मी ठरवलं, कधी मोकळी झाले आणि वाचायला आले तर तो भाग वाचणार नाही. दोस्तहो, मी बरीच समीक्षा वाचली. निरक्षर म्हातारीची ही समीक्षा मला सगळ्यांत वरची वाटते. तीही तोडतेच की. पण कुणाच्या बाजूनं?

थर्मन १९३५ साली विद्यार्थ्यांच्या मंडळाबरोबर हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनात आला. कोलंबोला कायद्याच्या कॉलेजात भाषण झाल्यावर तिथल्या प्राचार्यांनी कॉफीला बोलावून तोंडावर विचारलं, तुमचे पूर्वज धरून नेणारे ख्रिस्ती, तुम्हाला विकणारे ख्रिस्ती, एका गुलामजहाजाचं नावच येशू, मग तुम्ही ख्रिस्ती म्हणून इथं काय करताय? तुम्ही काळ्या लोकांशी द्रोह करताय. पुस्तक ह्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्याचं उत्तर असं की येशू गरीब होता, यहुदी होता आणि रोमचा नागरिक नव्हता. पौल नागरिक होता, अडचणीत आला तर बादशहाकडं दाद मागू शकला. येशूला शिपायानं गटारात ढकललं असतं तर तो गटारातला आणखी एक यहुदी, बस्स. ख्रिस्ताचा स्वभाव म्हणजे काय ह्यावर मला पटलेलं हे पहिलं वाक्य. देव-माणूस सोडा, नागरिक की बिगरनागरिक, ते सांगा!

पण थर्मनही मला पुरता पटत नाही. भीती, फसवेगिरी, द्वेष माणसाला आतून खातात हे तो मुळापासून सांगतो, भीतीबद्दलचं तर माझंच आहे असं वाटलं. मग तो आतल्या मोकळेपणावर थांबतो. पाणवठ्याचं काय, पगाराचं काय, ते आतून सुटत नाही. त्यानंही पुढं मननं लिहिली, १९५३ साली त्यांचा एक संग्रह आला. चांगली आहेत, शांत आहेत, पण त्या गटारातल्या माणसाचा वास त्यात विरळ झालाय.

आपल्याकडं १९८१ साली बंगलोरच्या धर्मविद्यालयात अरविंद निर्मल ह्या मराठी माणसानं भाषण केलं. तिथून पुढं त्यांनी दलित ख्रिस्ती धर्मविचार उभा केला. त्यांचं म्हणणं, ख्रिस्त एकाच वेळी देव आणि माणूस कसा, ह्याची किल्ली त्याच्या दलित असण्यात आहे. काल्सेडनच्या बिशपांना हे सुचणं शक्य नव्हतं. माझी अडचण एकच, त्यात वेदना फार पुढं बसते. आम्ही १९५६ ला वेदनेतून उठून चालू लागलो.

बाबासाहेबांनी ख्रिस्ताला उडवून लावलं नव्हतं. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती मंडळींसमोर त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त ह्या दोघांचीच नावं घेतली. पण धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना बोट नेमकं ठेवलं: हिंदू असताना सांगितलं, तुझी दशा तुझ्या कर्मानं. ख्रिस्ती झाल्यावर सांगितलं, पूर्वजाच्या पापानं. परिस्थितीचं नाव कुणीच घेत नाही. काकांचं पान ह्या दोन वाक्यांतच बसतं.

हे सगळं मी काकांना ऐकवलं, अर्थातच जोरात. ते म्हणाले, पोरा, तुझ्या खोलीत दिनदर्शिका आहे ना, रोज खाली बाबासाहेबांचं एक वाक्य असलेली? त्यातलं वाक्य कुठल्या भाषणातलं, पुढं काय म्हणाले, सांगतोस? भिंतीवर त्या दिवशी शिका-संघटित व्हा होतं. मला पुढचं सांगता आलं नाही. बाबासाहेब आपण असेच रोज तोडून भिंतीला लावतो आणि खालून जाऊन हजेरी लावतो. ह्याच्यावर कुणी लिहिणार असेल तर लिहा, मला तेव्हा तोंड नव्हतं.

त्यानंतर आम्ही सुट्टीत पुस्तिका बंद ठेवून लूक सलग वाचतो. मी वाचतो, काका ऐकतात, कधी उलट. चौथा अध्याय आला तेव्हा कड्यापाशी थांबलो. काका म्हणाले, पुढं? पुढं एकच ओळ आहे. तो त्यांच्यामधून निघून गेला. काका बराच वेळ कप हातात धरून बसले. मग म्हणाले, मधून? धरलेल्या लोकांच्या मधून? कसा?

भोंगा झाला. पुढच्या आठवड्यात काकांनी जादा साइडींबद्दल युनियनला अर्ज लिहायला मला कागद आणून दिला. सही त्यांनी आधीच करून ठेवली होती.