काचबिंदूवरील मंदविमोचन रोपणे : एक चिकित्सक विचार

काचबिंदूच्या औषधोपचारातील मूळ अडचण औषधाच्या गुणाची कमी आणि ते इष्ट स्थळी पोहोचण्याची अधिक आहे. डोळ्यात टाकलेल्या थेंबाचा बराचसा भाग गालावर ओघळतो, काही अश्रुनलिकेवाटे नाकात उतरतो आणि ५ टक्क्यांहूनही कमी औषध नेत्राच्या अंतर्भागात शिरते. त्यात हा विकार बहुधा वेदनारहित असतो. थेंब घातल्याने रुग्णाला बरे वाटत नाही आणि चुकवल्याने त्रासही होत नाही. गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. डोळ्यातच औषधाचा साठा ठेवून तो सावकाश सोडण्याची कल्पना या दोन्ही अडचणींवरील उतारा म्हणून पुढे आली. तिच्याभोवतीचा उत्साह स्वाभाविक आहे. तथापि तिच्या यशाचे मोजमाप कोणत्या निकषांवर झाले, हे तपासणे आवश्यक ठरते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील अल्झा या कंपनीच्या ‘ऑक्युसर्ट’ला १९७४ मध्ये मान्यता मिळाली. खालच्या पापणीच्या आत ठेवावयाची ही चकती तासाला २० किंवा ४० मायक्रोग्रॅम या गतीने आठवडाभर पायलोकार्पिन सोडत असे. दिवसातून चार वेळा थेंब घालण्याच्या जाचातून रुग्णाची सुटका झाली आणि औषधविमोचनाच्या शास्त्रात हे साधन आदर्श मानले गेले. व्यवहारात मात्र चकती डोळ्यात खुपे, झोपेत नकळत निसटून जाई, आणि थरथरत्या हातांच्या वृद्धांना ती बसवणे जमत नसे. १९७८ मध्ये दिवसातून दोनदा घालावयाचे टिमोलॉल आले आणि ऑक्युसर्टची निकड ओसरली. पुढे ते बाजारातूनच गेले. पटलातून औषध झिरपण्याचे गणित अचूक होते. पापणीचे आणि माणसाच्या सवयीचे गणित त्यात धरलेच नव्हते.

आजची रोपणे पापणीआड न ठेवता थेट नेत्राच्या पुढील कक्षात बसवली जातात. मार्च २०२० मध्ये मान्यता मिळालेल्या ‘ड्युरिस्टा’त बिमॅटोप्रोस्ट अवघे १० मायक्रोग्रॅम असते. याच औषधाच्या ०.०३ टक्के द्रावणाच्या ३० मायक्रोलिटरच्या एका थेंबात ते सुमारे ९ मायक्रोग्रॅम भरते. म्हणजे जवळजवळ एका थेंबाइतके औषध काही महिने पुरवले जाते. या कामगिरीचे मोल कमी लेखता येणार नाही.

प्रश्न तुलनेचा आहे. ड्युरिस्टाच्या ‘आर्टेमिस’ चाचण्यांत, तसेच डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘आयडोस टीआर’ या ट्रॅव्होप्रोस्टच्या टायटॅनियम रोपणाच्या चाचण्यांतही, प्रतिस्पर्धी म्हणून निवडले गेले ते टिमोलॉल. वास्तविक बिमॅटोप्रोस्ट आणि ट्रॅव्होप्रोस्ट या दोहोंचे थेंब अमेरिकेत २००१ पासून उपलब्ध आहेत, दिवसातून एकदाच घालावे लागतात आणि दाब कमी करण्यात टिमोलॉलपेक्षा सरस मानले जातात. रोपणाची खरी कसोटी त्याच औषधाच्या थेंबाशी लावावयास हवी होती. टिमोलॉलच्या तुलनेतही निष्कर्ष फार दूर जात नाही. आयडोस टीआर पहिले तीन महिने टिमोलॉलपेक्षा कमी पडले नाही. नंतरच्या नऊ महिन्यांत मात्र तसे सिद्ध करता आले नाही, असे त्याच्या अधिकृत माहितीपत्रकातच नमूद आहे. वर्षानुवर्षांच्या विकारावरील उपायाला तीन महिन्यांचा पुरावा तोकडाच म्हणावा लागेल.

याहून मोठी विसंगती पुढे आहे. या साधनांचे समर्थन केले जाते ते थेंब विसरणाऱ्या रुग्णाच्या नावाने. चाचणीत दाखल होणारा रुग्ण मात्र ठरावीक तारखांना तपासला जातो, त्याच्यावर सतत लक्ष असते. ज्याच्यासाठी रोपण योजले, तोच या तुलनेत जवळजवळ अनुपस्थित राहतो.

शिवाय जोखीम नाहीशी होत नाही, केवळ तिची जागा बदलते. थेंबाचा त्रास झाला तर थेंब बंद करता येतो. ड्युरिस्टाच्या चाचण्यांत सोळा आठवड्यांच्या अंतराने पुन्हा रोपण केलेल्या काही नेत्रांत स्वच्छमंडलाच्या आतील अस्तराच्या पेशी घटल्या. मानवी डोळ्यात या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणूनच २०२० च्या मान्यतेत एका डोळ्यास एकदाच, अशी मर्यादा घातली गेली. आयुष्यभराच्या रोगावर काही महिन्यांचा आणि एकदाच वापरावयाचा उपाय, अशी ही स्थिती. तिचा उल्लेख प्रशंसापर लेखनात बहुधा ओझरता येतो.

थेंबांपासून मुक्ती हेच उद्दिष्ट असेल, तर रोपणाची तुलना लेसरशीही व्हावयास हवी. ब्रिटनमधील ‘लाइट’ चाचणीचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की प्रारंभीच निवडक लेसर उपचार घेतलेल्या सुमारे ७४ टक्के रुग्णांचा नेत्रदाब तीन वर्षांनंतर एकाही थेंबाविना अपेक्षित मर्यादेत होता. हा उपचार काही मिनिटांचा असतो आणि त्यासाठी डोळ्यात काहीही ठेवावे लागत नाही. आयडोस टीआर बाजारात आले, तेव्हा कंपनीने जाहीर केलेली एका रोपणाची किंमत १३,९५० डॉलर होती.