खुर्चीतला माणूस कुठं गेला?

इंग्लंडात 16 ते 18 वयाची पोरं ए-लेव्हलला मानसशास्त्र घेतात. दोन वर्षांचा अभ्यास. तिथलं एक क्रमिक पुस्तक मी रातपाळी सुटल्यावर, डिक्शनरी शेजारी ठेवून वाचून काढलं. आपल्या लिहिणाऱ्यांनीही असली पुस्तकं वाचावीत. पण डोळे उघडे ठेवून.

त्यातलं 'सामाजिक प्रभाव' हे प्रकरण घ्या. स्टॅनली मिलग्रॅमनं अमेरिकेत येल विद्यापीठात केलेला, 1963 साली छापलेला प्रयोग. 40 पुरुष. त्यात कारकून होते, इंजिनिअर होते, मजूरही होते. पलीकडचा उत्तर चुकला की विजेचा शॉक द्यायचा, दर चुकीला व्होल्ट वाढवायचे. डगला घातलेला साहेब म्हणतो, चालू ठेवा. 26 जण पार 450 व्होल्टपर्यंत गेले. शॉक खोटा होता, पलीकडचा सोंग करत होता. पण बटन दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं.

यावर पोरांनी 16 गुणांचं उत्तर लिहायचं. प्रयोग सांगा, मग गुणदोष. दोष कोणते? बटन दाबणाऱ्याला फसवलं, त्याला घाम फुटला, त्याच्या मनाला त्रास झाला. खरंय. पण सगळी माया बटनाकडच्या माणसावर! शॉकच खोटा, म्हणून खुर्चीतल्याचं मन तपासायचं कारण उरलं नाही. ज्यांच्या पिढ्या त्या खुर्चीला बांधलेल्या, त्यांचा शॉक खोटा नव्हता. त्यांचं मानसशास्त्र या प्रकरणात सापडत नाही.

दुसरा मुद्दा. मिलग्रॅमनं हाच प्रयोग फिरवून केला. दाबणाऱ्याच्या जोडीला दोघे बसवले. आधी ठरल्याप्रमाणे त्यांनी मधेच नकार दिला. तेव्हा 40 पैकी फक्त 4 जण शेवटपर्यंत गेले. याला 'सामाजिक आधार' म्हणतात नि थोडक्यात उरकतात. मी म्हणतो, प्रकरण इथनंच सुरू करा. माणूस किती वाकतो ते 26 चा आकडा सांगतो. तो ताठ कशानं होतो ते 4 चा.

खात्यात एकानं साचा बंद केला तर तो माजोर ठरतो. तिघांनी केला की साहेब बोलायला खाली येतो. हे आम्हाला पुस्तकाशिवाय कळलेलं. पुस्तकानं त्याला आकडा दिला, तेवढे उपकार मानतो.

आपल्या कवितेत साहेबाचा डगला पुष्कळ आला. शेजारी बसून नकार देणारे ते दोघे अजून यायचेत.