साथीचा पहिला दिवस

ऐन दिवाळीच्या अंकात महामारीचे आणि उठलेल्या मढ्यांचे चित्रपट घेऊन बसलेल्या लेखकाला घरातील वडीलधारी मंडळी काय म्हणतील, याची मला कल्पना आहे. पण ज्या धनत्रयोदशीने आपली दिवाळी सुरू होते, त्या दिवशी धन्वंतरीची पूजा असते आणि तिन्हीसांजेला दक्षिणेकडे वात करून यमासाठी एक दिवा लावलेला असतो. रोग आणि मृत्यू यांना विसरून नव्हे, तर त्यांना त्यांचा मान देऊन मगच फराळाला बसावे, असे आपल्या जुन्या माणसांनी ठरवले असावे. तेव्हा चकली मोडता मोडता हा विषय चालून जाईल, असे समजून पुढे जातो.

आमच्या कोल्हापूरकडे ‘झोंबी’ म्हटले की आधी आखाडा डोळ्यांपुढे येतो, आणि मागोमाग कागलच्या आनंद यादवांची १९८७ सालची कादंबरी. पडद्यावरचा झोंबी निराळा. तो हैती बेटावरच्या लोकसमजुतींतून आला, आणि त्याला आजचे रूप दिले ते जॉर्ज रोमेरो या अमेरिकन दिग्दर्शकाने, १९६८ साली. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा त्याचा चित्रपट थोडक्या पैशांत काढलेला, कृष्णधवल. गंमत अशी की त्यात झोंबी हा शब्द कोणी उच्चारतच नाही. मेलेला माणूस उठतो, जित्यावर धावून जातो आणि त्याच्या चाव्याने दुसराही तसाच होतो, एवढेच आपल्याला दिसते. नीट पाहिले तर हे साथीच्या रोगाचेच सोंग आहे. म्हणून झोंबींचे चित्रपट आणि साथींचे चित्रपट मी एकाच पंक्तीला बसवतो.

या चित्रपटांतील पळापळीचा आणि रक्ताचा मला लवकर कंटाळा येतो. मी मन लावून पाहतो तो पहिला पाव तास. रोमेरोच्या चित्रपटात एक भाऊ आणि बहीण बापाच्या थडग्यावर फुले वाहायला येतात. भाऊ बहिणीची थट्टा करतो आहे, आणि मागे दूरवर एक माणूस झोकांड्या खात चालला आहे. त्या दोघांचे तिकडे लक्ष नाही, आपले आहे. २०१६ सालच्या ‘ट्रेन टू बुसान’ या कोरियन चित्रपटात आरंभीच एका मालवाहू गाडीखाली हरीण सापडते. गाडीवाला शिव्या घालत निघून जातो, आणि रस्त्यावर मरून पडलेले हरीण हळूच उठून उभे राहते. एवढे दाखवून चित्रपट शहराकडे वळतो. तेथे बाप आपल्या कामात आहे आणि मुलगी आईकडे जायचा हट्ट धरून बसली आहे. पुढचे सगळे आपल्याला ठाऊक आणि त्यांना नाही. सीता रेषा ओलांडताना ‘नको गं जाऊ’ असे ओरडावेसे वाटते, तीच ही ओढ. गोष्ट सांगण्याची ही जुनी युक्ती आहे आणि ती अजून बोथट झालेली नाही.

पण युक्ती वेगळी आणि सांगणे वेगळे. असा कोणताही चित्रपट पाहताना मी एकच प्रश्न विचारतो. या चित्रपटाच्या मते साथ सुरू कोठे होते? याच्या उत्तरावरून त्याची जात कळते.

बहुतेकांचे उत्तर सोपे असते. ते म्हणतात, दूर कोठेतरी. डॅनी बॉईल यांच्या २००२ सालच्या ‘ट्वेंटी-एट डेज लेटर’मध्ये प्रयोगशाळेतील माकडांना मोकळे करायला गेलेली भाबडी मंडळी रोग बाहेर काढतात. २०१३ सालच्या ‘गो गोवा गॉन’ या हिंदी विनोदी चित्रपटात गोव्याच्या एका बेटावरची रात्रीची मेजवानी आणि एक नवी नशेची गोळी पुरते. पहिला चित्रपट अंगावर काटा आणतो, दुसरा हसवतो, आणि दोन्ही पाहून प्रेक्षक निर्धास्त मनाने घरी जातो. कारण दोष शास्त्रज्ञाचा किंवा उनाड पोरांचा असतो. आपला काही संबंध नसतो. आमच्या भागात पूर्वी पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत वेशीबाहेर न्यायचा आणि पुढच्या गावाच्या शिवेवर सोडायचा, अशी चाल होती. त्या गावाने तो त्याच्या पुढच्या गावाला पोचवायचा. हे चित्रपटही तेच करतात. ते गाडा दुसऱ्याच्या शिवेवर नेऊन ठेवतात.

त्याहून वरच्या दर्जाचे चित्रपट पहिल्या रोग्याचा माग काढतात. स्टीव्हन सोडरबर्ग यांचा २०११ सालचा ‘कन्टेजन’ सुरू होतो तो दुसऱ्या दिवसापासून. पडद्यावर तशी अक्षरेच येतात. पहिला दिवस कोठे गेला, हे कोडे आपण दीड तास मनात वागवतो, आणि तो दिवस दिसतो तो अगदी शेवटी. यंत्राने झाडे पाडली जातात, त्यामुळे उडालेल्या वटवाघळाच्या तोंडचा केळ्याचा तुकडा डुकरांच्या गोठ्यात पडतो, ते डुक्कर जुगारघराच्या स्वयंपाकात येते, आचारी हात न धुता, नुसता अंगावरच्या फडक्याला पुसून, एका पाहुणीशी हस्तांदोलन करतो. आणि झाडे पाडणारे ते यंत्र त्या पाहुणीच्याच कंपनीचे असते. दोन-तीन मिनिटांचे हे दृश्य. त्यात संवाद जवळजवळ नाहीत. गाडा ज्या शिवेवरून निघाला तेथेच परत आणून उभा केला आहे.

आशिक अबू यांचा ‘व्हायरस’ हा २०१९ सालचा मल्याळी चित्रपट मला याहूनही जवळचा वाटतो. २०१८ च्या मे महिन्यात कोळिकोडला आलेल्या निपाहच्या साथीवर तो आधारलेला आहे. त्यात रोग्यांची नाती जुळवत, कोण कोणत्या दिवशी कोणत्या वॉर्डात होते हे विचारत हिंडणारी एक तरुण डॉक्टर आहे, आणि तिची वही हेच त्या चित्रपटाचे शस्त्र आहे. पहिल्या रोग्यावर नाही नाही ते संशय घेतले जातात. चित्रपट मात्र त्याला आरोपी म्हणून उभा करत नाही. हे सोपे नाही. २०२० च्या मार्चमध्ये ज्या घरांत करोना आधी पोचला, त्या घरांकडे शेजारीपाजारी कोणत्या नजरेने पाहत होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

तरीही पहिला रोगी सापडला म्हणजे साथीचा आरंभ सापडला, हे मला पटत नाही. एक माणूस आजारी पडतो, ती निसर्गाची गोष्ट. त्याची साथ होते ती नंतर, कोणाला तरी ठाऊक असून ते बोलू दिले जात नाही तेव्हा. हे ज्यांनी ओळखले ते सत्यजित राय. त्यांचा ‘गणशत्रू’ १९८९ सालचा, इब्सेनच्या १८८२ सालच्या नाटकावरून केलेला. बंगालमधील चंडीपूर नावाच्या कल्पित गावी डॉक्टर अशोक गुप्त यांच्याकडे काविळीचे रोगी वाढू लागतात. पाणी तपासून येते. ज्या भागात गावाचे नवे, नावाजलेले देऊळ आहे, त्या भागाचेच पाणी दूषित निघते. डॉक्टरांचा भाऊ नगरपालिकेचा अध्यक्ष. तो म्हणतो, तीर्थात गंगाजल असते, तुळस असते, ते दूषित होईल कसे? शिवाय देऊळ बंद ठेवले तर गावाचे उत्पन्न बुडेल. वर्तमानपत्राचा संपादक आधी पाठीशी उभा राहतो, मग हळूच मागे सरतो. भर सभेत डॉक्टर देवळात जातात की नाही, हाच मुद्दा होऊन बसतो आणि पाण्याचा मुद्दा वाहून जातो.

राय यांच्या चाहत्यांनीही या चित्रपटाला नाके मुरडली. मोठ्या आजारपणानंतर त्यांनी तो बहुतेक स्टुडिओतच घेतला. सगळी बोलणी खोल्यांत चालतात, आणि ‘पथेर पांचाली’ची मोकळी हवा येथे नाही. तक्रार खरी आहे. पण मला वाटते, या विषयाला त्या कोंदट खोल्याच शोभतात. रोगी जवळजवळ दिसतच नाहीत. दिसतो तो तपासणीचा एक कागद, आणि तो हातात घेतल्यावर एकेका माणसाचा बदलत जाणारा चेहरा. चाळीस झोंबी धावत आले तरी जी भीती वाटत नाही, ती मला संपादकाच्या टेबलापाशी वाटली.

ती वाटण्याला माझे गावही कारण असेल. मी कुरुंदवाडचा. कोल्हापूर आणि इचलकरंजी ओलांडून आलेली पंचगंगा आमच्या गावावरून पुढे जाते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. वरच्या अंगाला नदीत जे सोडले जाते ते सगळे घेऊनच ती आमच्याकडे येते. तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आम्ही एकदा नव्हे, अनेकदा वाचल्या आहेत. २०१२ सालच्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली, तेव्हा पंचगंगेच्या पाण्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. वाडीच्या घाटावर भाविक ओंजळीत पाणी घेतो आणि डोळे मिटतो. त्याच्या श्रद्धेला धक्का न लावता त्याला पाण्याबद्दल सांगायचे कसे, हा चंडीपूरच्या डॉक्टरांचा प्रश्न आमच्यासाठी पडद्यावरचा राहत नाही. आणि आम्ही केवळ खालच्या अंगाचे आहोत असेही नाही. कृष्णा पुढे कर्नाटकात जाते. त्या काठच्या गावांना आम्ही वरचे.

कोणी म्हणेल, सगळे उघड सांगत सुटले तर लोक घाबरतील, पळतील आणि रोग दूरवर नेतील. या शंकेवरही एक चांगला चित्रपट आहे. एलिया कझान यांच्या १९५० सालच्या ‘पॅनिक इन द स्ट्रीट्स’मध्ये न्यू ऑर्लिन्स बंदरात एका खून झालेल्या माणसाच्या अंगात फुप्फुसाचा प्लेग आढळतो. त्याच्या खुन्यांना अठ्ठेचाळीस तासांत शोधायचे असते, आणि तोवर बातमी फुटू नये यासाठी खुद्द डॉक्टरच धडपडत असतो. त्याच्या गप्प राहण्यात आणि चंडीपूरच्या अध्यक्षाच्या गप्प करण्यात फरक आहे. एक गप्प राहून रात्रंदिवस रोगाच्या मागे धावतो. दुसरा सारे गप्प व्हावे म्हणून डॉक्टरच्या मागे लागतो. चीनमधील वूहानच्या डॉ. ली वेनलियांग यांना जानेवारी २०२० मध्ये अफवा पसरवल्याबद्दल समज देण्यात आली, आणि ७ फेब्रुवारीला ते त्याच रोगाने गेले. राय यांचा चित्रपट तेव्हा तीस वर्षांचा जुना होता.

आता आपल्या मराठीकडे येतो. आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ जानेवारी २०२२ मध्ये आला. डोंबिवलीतील उंच नवी इमारत, तिला लागूनच पाण्यासाठी तळमळणारी जानुपाड्याची वस्ती, आणि मध्ये बाटलीबंद पाण्याचा धंदा. झोंबी या परक्या पाहुण्याला इतके अस्सल मराठी घर मिळेल असे मला वाटले नव्हते. साथीचा उगम पाण्यात आणि पैशात आहे, हे या चित्रपटाने बरोबर हेरले. अमेय वाघ यांचा भित्रा मध्यमवर्गीय इंजिनिअर आणि ललित प्रभाकर यांचा वस्तीतला विश्वास यांच्या जोडीने तो हसवतोही चांगला. माझी तक्रार एवढीच, की एवढा मोलाचा धागा हाती घेऊन चित्रपट उत्तरार्धात धावपळीला आणि टाळ्यांच्या वाक्यांना जास्त जागा देतो. कोणाला काय ठाऊक होते आणि तो का बोलला नाही, हे अजून थोडे थांबून पाहायला हवे होते.

तरी ‘झोंबिवली’ने जे केले तेही आपल्याकडे विरळाच. व्ही. शांतारामांच्या १९४६ सालच्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’त प्लेगची साथ आहे आणि सोलापूरचा तो तरुण डॉक्टर त्यातच देह ठेवतो. प्रत्यक्षात डॉ. कोटणीस १९४२ साली अपस्माराच्या झटक्यांनी गेले. हौतात्म्य उजळावे म्हणून तेथे प्लेग आणला गेला. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ हा १९७९ सालचा चित्रपट मराठीतला एक सकस चित्रपट, यात शंका नाही. पण त्याचे चित्त चापेकर बंधूंत आहे. प्लेग तेथे येतो तो गोऱ्या शिपायांच्या बुटांनी. तोवर साथीचा आरंभ कधीच होऊन गेलेला असतो.

तो आरंभ मुंबईत झाला होता. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीच्या गोदामांच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. ते सर्वांच्या गळी लगेच उतरले नाही. पडताळून पाहायला आणखी तज्ज्ञ बसवावे लागले. धान्याच्या पोत्यांत मेलेले उंदीर, भरभराटीला आलेले बंदर, एक गोव्याकडचा डॉक्टर, आणि ‘आत्ताच बोलू नका’ म्हणणारी शहाणी माणसे. हा चित्रपट अजून कोणी काढलेला माझ्या पाहण्यात नाही. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२९ साली ‘प्रभात’ जन्मली, तेथल्या एखाद्या तरुणाने तो मनावर घ्यावा. मांडवी लांब वाटत असेल तर तेरवाडचा बंधारा जवळ आहे.

असो. या सुट्टीत मुले असा एखादा चित्रपट लावून बसली, तर त्यांना उठवू नका. थोडा वेळ त्यांच्या शेजारी बसा. झोंबी यायच्या आधीचा भाग नीट पाहा. त्यात कोणीतरी एक माणूस काही सांगायला धडपडत असतो, आणि दुसरा कोणी त्याला ‘उद्या बघू’ म्हणत असतो. हा दुसरा कोण होता आणि त्याने उद्यावर का ढकलले, एवढे मुलांना विचारा. ती उत्तर देतील. बहुधा आपल्यापेक्षा चटकन देतील.