नव्या मशीनला जुना मुखडा

"अरे, ह्याचं सुरू करायचं बटण चोरीला गेलंय!" अण्णांनी आतून हाक मारली.

आमच्या राहुरीकडं विहिरीवरची केबल चोरीला जाते, मोटर जाते, एकदा तर शेजाऱ्यांचं दळायला ठेवलेलं गव्हाचं पोतं गेलं होतं. पण बटण चोरीला गेल्याचं मी प्रथमच ऐकत होतो. जाऊन पाहिलं तर बटण होतं, जागेवर मात्र नव्हतं. डावा कोपरा सोडून ते सरकत सरकत मध्यभागी येऊन बसलं होतं, लग्नात मुलाच्या मामानं फोटोपुरतं मधल्या खुर्चीवर येऊन बसावं तसं.

दिवाळीत आम्ही नवा कॉम्प्युटर आणला होता. ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 ची मुदत संपली, आणि मुदत संपली म्हटल्यावर बँकेतला माणूस अस्वस्थ होतो. मग ती ठेवीची असो, औषधाची असो की विंडोजची. जुन्या मशीनला विंडोज 11 झेपेना, म्हणून नवं आणलं. मला वाटलं, अण्णा खूष होतील. अण्णांनी त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवला.

आता अण्णांचं आणि कॉम्प्युटरचं नातं सांगायला हवं. अण्णा साखर कारखान्यात टाइम ऑफिसात होते. निवृत्तीनंतर 2004 साली त्यांनी स्वतःच्या पैशानं विंडोज एक्सपीचं मशीन घेतलं आणि एक नोंदवही सुरू केली. पाऊस कधी पडला, किती पडला, सव्वीस टीएमसीचं मुळा धरण कोणत्या दिवशी भरलं, पाटाला पाणी कधी सुटलं, आमच्या चारीला कधी आलं, आणि पाळी कोणाची असताना दारं कोणी धरलं. वीस वर्षांच्या वर झाली, खाडा नाही. भावकीतली दोन भांडणं ह्या नोंदवहीवर मिटली आहेत (आणि एक सुरू झालं आहे, पण ते असो). आणि आता पाट वाहत असताना अण्णा आठ दिवस एक ओळ लिहीत नव्हते. विचारलं की म्हणत, "बघू नंतर."

ह्या 'बघू नंतर'ला मी भितो. दोन वर्षं व्यवहार नसला की आम्ही खातं निष्क्रिय ठरवतो, आणि त्या प्रत्येक खात्याची सुरुवात 'बघू नंतर'नंच झालेली असते. अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर. हे खातं निष्क्रिय होऊ देणं मला परवडणारं नव्हतं.

पुतण्या म्हणाला, "काका, जुनं एक्सपीच टाकून देऊ की!" तरुण माणसाला उपाय नेहमी टोकाचा सुचतो. एक्सपीची डागडुजी कंपनीनं 8 एप्रिल 2014 ला थांबवली. त्यानंतरही ते कितीतरी एटीएममध्ये ठाण मांडून होतं. शेवटी रिझर्व्ह बँकेनं 2018 साली परिपत्रक काढून जून 2019 पर्यंत ते हलवायला लावलं. आज एक्सपी वापरून इंटरनेटला जोडायचं म्हणजे घराला दारं न बसवण्यासारखं आहे. शनिशिंगणापुरात ते चालतं, तिथं राखायला देव बसलेला आहे. आमच्या गल्लीत तशी सोय नाही.

तेव्हा कुलूप नवं आणि दार जुनं, असा माझा बेत ठरला.

इथं मला कंपनीशी थोडं भांडायचं आहे. मी वाणिज्य शाखेचा, कॉम्प्युटर म्हणजे वीज खाणारा कॅल्क्युलेटर एवढंच माझं शास्त्र. पण काउंटरवर बसून गिऱ्हाईक कळतं. स्टार्टचं बटण 1995 साली विंडोज 95 बरोबर आलं. 2001 मध्ये एक्सपी निळा-हिरवा शालू नेसून आला, पण ज्यांना तो भडक वाटला त्यांच्यासाठी जुना करडा 'क्लासिक' वेष आतच ठेवला होता. विंडोज 7 मध्येही तो होता. घरात नवी सून यावी, स्वयंपाकघर नवं व्हावं, पण सासूबाईंचा पाट भिंतीला टेकवून ठेवलेला असावा, तशातला हा शहाणपणा. 2012 च्या विंडोज 8 नं तो पाट फेकून दिला, वर स्टार्टचं बटणही काढलं. जगभर एवढी बोंब झाली की पुढच्याच वर्षी 8.1 मध्ये बटण परत आणावं लागलं. पाट मात्र आला नाही.

माणसाला नव्याचं वावडं नसतं हो, खूण हलली की तो बावरतो. आमच्या जिल्ह्याचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं. राहुरी स्टँडवर कंडक्टर "नगर, नगर" ओरडतो, आणि अहमदनगर होतं तेव्हाही तो तेच ओरडत होता. गाडी चुकल्याचं कोणी सांगितलं नाही.

तर, पाट परत आणण्याचं काम परक्यांनी केलं. इव्हो बेल्चेव्ह नावाच्या प्रोग्रामरनं 2009 साली 'क्लासिक शेल' लिहिलं आणि फुकट वाटलं. 2017 मध्ये तो थांबला, तेव्हा काही हौशी मंडळींनी त्याचं 'ओपन-शेल' करून पुढं चालवलं. मी तेच बसवलं. त्यातला मेनू झकास आहे: एका रांगेचा घ्या, दोन रांगांचा घ्या, विंडोज 7 सारखा घ्या, बटणावर चित्र हवं ते लावा. बटण डावीकडं न्यायला तर त्याचीही गरज नव्हती, ती सोय विंडोज 11 मध्येच आहे. फक्त ती शोधेपर्यंत माझा रविवार गेला.

पण टीकाकाराचं काम करायचं तर खोटं बोलू नये. हा मुखडाच. उजवी कळ दाबली की खालून नवा मेनू डोकावतो आणि निम्म्या जिनसा 'शो मोअर ऑप्शन्स'च्या पडद्याआड. सेटिंग्ज नव्या दिवाणखान्यात, तर काही गोष्टींसाठी अजून जुन्या कंट्रोल पॅनेलच्या माजघरात जावं लागतं. राजाचा पोशाख चोख आहे, पण धोतराखालून बूट दिसतात.

मग भिंतीवरचं चित्र. एक्सपीची ती हिरवी टेकडी मी बरीच वर्षं आमच्या कृषी विद्यापीठाचा प्लॉट समजत होतो. ती कॅलिफोर्नियातली. चार्ल्स ओरियर ह्यांनी 1996 साली फोटो काढला, आणि किडीनं द्राक्षवेली काढाव्या लागल्या म्हणून तिथं गवत होतं. म्हणजे ज्या हिरवळीकडं बघत अण्णा पावसाची वाट पाहायचे, ती कोणाच्या तरी मोडलेल्या बागेची! हे मी अण्णांना सांगितलं नाही.

सगळं लावून नोंदवही उघडली. अण्णा पडद्याजवळ वाकले. "अक्षर माझं नाही हे."

ह्याला मी तयार नव्हतो. अण्णांची नोंदवही मंगल फाँटमध्ये. तो घडवला र. कृ. जोशींनी, आपल्याच कवी-सुलेखनकारानं. विंडोज 8 पासून मानाची जागा निर्मलाला मिळाली, आणि मंगल पुढं 'ऑप्शनल' झाला, म्हणजे मागाल तर मिळेल. मंगल हजर नसला की निर्मला त्याच्या पाटावर बसते. निर्मला दिसायला नीटस आहे, माझी तक्रार नाही. पण वीस वर्षं एका अक्षरात पाऊस मोजलेल्या माणसाला ते दुसऱ्यानं लिहिल्यासारखं वाटणारच. सेटिंग्जच्या तळघरात 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' सापडले, ते उतरवले, आणि मंगल घरी आला.

अण्णा बसले. कोपऱ्यातलं बटण दाबलं, टेकडीकडं पाहिलं, नोंदवही वरखाली केली.

"चित्र तेच आहे. मशीन ते नाही."

"कशावरून?"

"ते चालू करून मी चहा टाकायचो, चहा पिऊन कप विसळायचो, मग ते उठायचं. हे आधण यायच्या आत उठलं." मग चष्मा पुसत म्हणाले, "चालेल. ते कॅलेंडर दे जरा भिंतीवरचं."

कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आठही दिवसांचं पाटाचं पाणी पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं होतं, वेळेसकट. मी वाचत गेलो, ते टाइप करत गेले. चौथ्या दिवशी दारं धरणाऱ्याचं नाव आलं तेव्हा मी जरा अडखळलो.

"वाच," अण्णा म्हणाले. "तुझंच आहे."