भूत आपलं, गल्ला परक्याचा

सिनेमाच्या धंद्यात भयपटाइतका सोशिक प्रकार दुसरा नाही. त्याला मोठा तारा लागत नाही, परदेशातलं गाणं लागत नाही, आणि एक जुना वाडा मिळाला की सेटचा खर्चही वाचतो. रामसे बंधूंनी १९७२ साली ‘दो गज ज़मीन के नीचे’ महाबळेश्वरला घरच्याच माणसांना हाताशी धरून काढला, तोही काही लाखांत, आणि त्यावर पुढच्या दोन दशकांचं दुकान उभं केलं. अमेरिकेत ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ एका राहत्या घरात सुमारे पंधरा हजार डॉलरमध्ये चित्रित झाला आणि जगभरात १९ कोटी डॉलरच्या पुढे गेला. कमी भांडवलात इतका परतावा देणारा प्रकार आणि कायम भांडवलाची ओढाताण असलेला मराठी चित्रपट, यांची सोयरीक केव्हाच जुळायला हवी होती. प्रत्यक्षात दोन-चार वर्षांनी एखादा बरा मराठी भयपट येतो, त्याचं कौतुक होतं, आणि पैसा दुसऱ्याच भाषेत मिळतो.

कच्च्या मालाची तर ददात नाही. मुंज्या, हडळ, खवीस, समंध, झोटिंग, देवचार, चकवा, जखीण. प्रत्येकाची राहायची जागा, वेळ आणि मागणी वेगळी. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी दोन पिढ्यांना रात्री दिवा न मालवता झोपायला लावलं. प्रेक्षकही दूर नाही. मी सानपाड्यात राहतो. बाजार समितीत काम करणारी सातारकडची माथाडी कुटुंबं, गणपतीला गाडी पकडणारी कोकणातली माणसं, आणि सिडकोने सेक्टर आखले त्याच्या कितीतरी आधीपासून गावठाणात असलेले आगरी-कोळी, या सगळ्यांच्या घरात किमान एक तरी ‘खरी घडलेली’ गोष्ट असतेच. इमारत सतरा मजली असली तरी अमावास्येला गाडीला लिंबू-मिरची लागते. भयपटाला याहून तयार गिऱ्हाईक कुठे मिळणार?

अडचण पहिली आमच्याच स्वभावात आहे. मराठी पडद्याने भुताला फार लवकर हसण्यावारी नेलं. ‘एक डाव भुताचा’ (१९८२), ‘भुताचा भाऊ’ (१९८९), ‘झपाटलेला’ (१९९३), ‘पछाडलेला’ (२००४) ही आपल्याकडची यशस्वी भुतं. यातल्या तीन चित्रपटांत दिलीप प्रभावळकर आहेत: एकात अशोक सराफांच्या भुताशी गाठ पडलेले मास्तर, एकात तात्या विंचू, एकात इनामदार भुसनाळे. मराठी भुताचा इतिहास एका नटाच्या कारकिर्दीवरून लिहिता येईल, इतका तो आटोपशीर आहे. ‘झपाटलेला’ची मूळ कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या इंग्रजी भयपटाची. तिकडे बाहुला घाबरवायला आला होता. इकडे महेश कोठारे यांनी त्याला रामदास पाध्यांच्या हातात दिलं, समोर लक्ष्मीकांत बेर्डे उभे केले आणि लहान मुलांसकट सगळ्यांना थिएटरात आणलं. धंदा म्हणून तो निर्णय अगदी बरोबर होता. पण त्यामुळे भूत म्हटलं की हसायचं, ही सवय पक्की झाली.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. ज्या राज्यात अंधश्रद्धेविरुद्ध एवढी मोठी चळवळ झाली, जिथे २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला आणि त्याच वर्षी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तिथे भूत दाखवताना दिग्दर्शकाचा हात थोडा अडखळतो. हे मला कमीपणाचं वाटत नाही. मात्र त्या अडखळण्यातून एक ठरावीक तोडगा निघाला आहे: भुताने शेवटी काहीतरी प्रबोधन करायचं, किंवा ते भूत नव्हतंच, मनाचा खेळ होता, असं निघायचं. ‘हा खेळ सावल्यांचा’ने १९७६ सालीच दुसरी वाट घेतली. त्या काळी ती नवी होती आणि चित्रपट गाण्यांसकट लोकांच्या ध्यानात राहिला. पन्नास वर्षांनंतरही तोच मार्ग सुरक्षित वाटत असेल, तर तो सवयीचा भाग झाला, कलेचा नव्हे. दूरचित्रवाणीने मात्र एवढा विचार केला नाही. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली तेव्हा कोकणाची बदनामी होते म्हणून ओरड झाली, अंधश्रद्धा पसरते म्हणून झाली, आणि तरी घरोघरी ती बघितली गेली. म्हणजे घाबरायची हौस होतीच. ती फुकटात भागत होती, एवढंच.

या पार्श्वभूमीवर विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) जवळून पाहायला हवा, कारण कमी पैशांत काय करता येतं याचा तो मराठीतला सर्वांत चांगला धडा आहे. कर्जाच्या वसुलीवाल्यांपासून लपण्यासाठी एक शहरी जोडपं आपल्या ड्रायव्हरच्या गावच्या घरी येतं. बायको गरोदर, दिवस भरत आलेले. घराच्या चारी बाजूंना ऊस. बस, एवढाच माल. पण फुरिया यांनी अंधाऱ्या वाड्याचा मोह टाळला. यातली खरी भीती भर दुपारी आहे. पुरुषभर उंच ऊस, दोन हातांपलीकडे काही दिसत नाही, वारा आला की पात्यावर पातं घासतं आणि पोरांचा खेळ चाललाय की कुणी चालत येतंय ते कळत नाही. ज्याने कधी उसाच्या फडात वाट चुकवली आहे त्याला इथे पार्श्वसंगीताची गरज नाही. पूजा सावंतची नेहा पळते तेव्हा ती पोट सांभाळून पळते. त्या अवघडलेल्या चालीतच निम्मा थरार आहे. आणि उषा नाईक यांची तुळसाबाई जेवू घालते, तेल लावते, काळजी घेते, त्या प्रत्येक मायेच्या हाताखाली पकड घट्ट होत जाते. सासर नावाच्या संस्थेचं इतकं भेदक चित्रण आपल्या कौटुंबिक चित्रपटांतही क्वचितच सापडेल.

शेवटाकडे स्त्रीभ्रूणहत्येचा मुद्दा येतो आणि चित्रपट थोडा भाषणाकडे झुकतो. मला तिथे तो उणा वाटतो. पण मुद्दा वरून चिकटवलेला नाही. भुताचा जन्मच त्यातून झालेला आहे, म्हणून तो पेलतो.

आता पुढचं बघा. ‘लपाछपी’ महोत्सवांत आणि समीक्षकांत वाखाणला गेला, पण नाव सर्वदूर झालं ते त्याच्या हिंदी अवताराचं. २०२१ मध्ये त्याच दिग्दर्शकाने तीच गोष्ट, तोच ऊस घेऊन नुश्रत भरूचासह ‘छोरी’ केला. तो थेट ओटीटीवर आला आणि २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही निघाला. मराठी मूळ मात्र ‘छोरी ज्यावरून केला तो’ या ओळखीवर येऊन थांबलं. आदित्य सरपोतदार यांचीही वाट तीच. त्यांचा ‘झोंबिवली’ २६ जानेवारी २०२२ ला लागला, तेव्हा राज्यातली थिएटरं निम्म्या क्षमतेवर चालत होती. डोंबिवलीचं पाणी, टोलेजंग इमारती आणि शेजारची वस्ती यांची चलाख गोष्ट होती ती. दोन वर्षांनी त्यांनीच हिंदीत ‘मुंज्या’ केला. कोकणातलं भूत, कोकणातला पिंपळ, मराठी बोलणारी आजी, नावाजलेला तारा एकही नाही, आणि देशभरात शंभर कोटींच्या वर धंदा. त्याच्या पाठोपाठ आठवड्याभरात, १४ जून २०२४ ला, ‘अल्याड पल्याड’ हा मराठी भयपट आला. आचरा-चिंदरकडे गावपळणीला अख्खं गाव तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं, त्या प्रथेवर बेतलेली त्याची कल्पना ‘मुंज्या’इतकीच दमदार. हाताळणी तितकी सफाईदार नव्हती, हेही खरं. विनोद आणि भय यांची मोट जागोजागी सुटते. पण दोघांना मिळालेल्या पडद्यांमधलं अंतर गुणवत्तेतल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठं होतं.

‘तुंबाड’ची हकिगत तर अंगावर येणारी आहे. धारपांच्या कथेतून सुचलेली कल्पना, कोकणातलं गाव, राही अनिल बर्वे हा मराठी दिग्दर्शक. २०१२ साली चित्रीकरण सुरू झालं आणि पडद्यावर यायला ऑक्टोबर २०१८ उजाडला. व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकची सुरुवात त्याने झाली, फिल्मफेअरमध्ये छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी यांची पारितोषिकं मिळाली, पण तिकीटबारीवर व्यापारी अंदाजांनुसार बारा-तेरा कोटींच्या आसपास गाडी थांबली. मग १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा लावला, आणि पहिल्या वेळच्या दुपटीहून जास्त कमाई झाली. मधली सहा वर्षं लोक मोबाइलवर बघून एकमेकांना सांगत होते. भयपटाचा धंदा असा मुरत मुरत होतो. फक्त ‘तुंबाड’ला सहा वर्षांनी दुसरी संधी देणारा निर्माता आणि हिंदीचा देशभरचा बाजार होता.

मराठी निर्मात्याच्या वाट्याला काय येतं, याचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. तिकीट २०० रुपयांचं धरा. १८ टक्के जीएसटी वजा केला की उरतात सुमारे १६९ रुपये. २००९ च्या संपानंतर निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यात जी वाटणी ठरली, तिच्यात पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के वितरकाकडे, असा उतरता क्रम आहे. तपशील कराराकरारात बदलतात, बोलणी मात्र याच चौकटीत होतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात विकलेल्या तिकिटामागे साधारण ८५ रुपये आणि चौथ्या आठवड्यातल्या तिकिटामागे ५१. त्यातून वितरकाचं कमिशन आणि डिजिटल प्रक्षेपणाचे पैसे अजून जायचेच आहेत. दोन कोटींचा चित्रपट आणि वर एक कोटीची प्रसिद्धी धरली, तर सरासरी ७५ रुपयांच्या हिशेबाने चार लाख तिकिटं विकली गेली तर कुठे मुद्दल सुटतं.

मोठ्या ताऱ्याच्या चित्रपटाला हा क्रम सोयीचा असतो. त्याची गर्दी पहिल्या तीन दिवसांत येऊन जाते. बिनताऱ्याच्या भयपटाचं नेमकं उलट. पहिल्या शुक्रवारी कुणालाच तो माहीत नसतो. रविवारी बघून आलेली चार पोरं सोमवारी कॉलेजात सांगतात, पुढच्या शनिवारी ती पोरं जायला निघतात, आणि ॲप उघडून बघतात तर एकच खेळ उरलेला, दुपारी सव्वाबारा नाहीतर रात्री पावणेअकरा. सानपाड्याहून सिनेमाला जायचं म्हणजे वाशी नाहीतर सीवूड्स. पावणेअकराचा खेळ सुटेपर्यंत परतीच्या लोकलची खात्री नसते आणि सव्वाबाराच्या टळटळीत उन्हात भुताला भेटायला कोण जातंय! लोक म्हणतात, येईल की ओटीटीवर. येतोही. मग तिकीटबारीचा आकडा बघून पुढचा निर्माता म्हणतो, मराठीत हॉरर चालत नाही.

चालतो, याचा ताजा दाखला हृषीकेश गुप्ते यांचा ‘जारण’. ६ जून २०२५ ला, म्हणजे ‘हाऊसफुल ५’ लागला त्याच दिवशी, तो लागला. समोर एवढा अवाढव्य चित्रपट असताना हा निव्वळ तोंडी प्रसिद्धीवर टिकला आणि वर्षाच्या यशस्वी मराठी चित्रपटांत गणला गेला. गुप्ते मुळात भयकथेचे लेखक, त्यामुळे त्यांना घाई नाही. काळी जादू आणि मनाचा आजार यांच्या सीमेवरून त्यांची गोष्ट चालते. मघाशी ज्या सुरक्षित तोडग्याबद्दल कुरकुर केली, त्याच जागेवर उभं राहून ते प्रेक्षकाला निर्धास्त होऊ देत नाहीत. अमृता सुभाष यांनी राधाचं तुटत जाणं ज्या बारकाईने दाखवलं आहे, तसं काम कुठल्याही प्रकारच्या चित्रपटात अभावानेच दिसतं. अनिता दाते यांची करणी करणारी बाई आरडाओरडा न करता धाक घालते. असा चित्रपट लागतो तेव्हा कळतं की प्रेक्षकाची हसण्याची सवय मोडता येते.

शेजारच्या गुजरातीने यापुढची पायरी गाठली आहे. कृष्णदेव याज्ञिक यांचा ‘वश’ (२०२३) हाही लहान चित्रपट. त्याचा हिंदीत ‘शैतान’ झाला, भरपूर चालला, पण गोष्ट तिथे संपली नाही. मूळ चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच दिग्दर्शकाने २०२५ मध्ये दुसरा भाग पुन्हा गुजरातीतच काढला, हिंदीतही सोबत लावला. त्यांनी हक्क विकले तरी घर विकलं नाही. आपल्याकडे फुरिया, सरपोतदार, बर्वे यांच्यापैकी एकाचाही पुढचा मोठा भयपट मराठीत आलेला नाही. फुरिया यांनी स्वप्नील जोशीला घेऊन ‘बळी’ (२०२१) केला खरा, पण तो थिएटरात न जाता ओटीटीवर गेला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पैसा आणि पडदे जिथे आहेत तिथे माणूस जाणारच.

यात सरकारने आणि अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाने करण्यासारखं एक काम आहे, आणि त्याला अनुदानाचा एक रुपयाही लागत नाही. २०१५ च्या वादानंतर मल्टिप्लेक्सने दुपारी १२ ते रात्री ९ या वेळात मराठी चित्रपट दाखवायचा, असं ठरलं. त्यात घड्याळ आहे, आठवडा नाही. कोणताही मराठी चित्रपट लावून हिशेब पुरा करता येतो, लहान चित्रपट दुसऱ्या शुक्रवारी उतरवला तरी कुणी विचारत नाही. त्याऐवजी पहिल्या रविवारी ठरावीक खुर्च्या भरलेल्या चित्रपटाला दुसरा आठवडा संध्याकाळच्या खेळासह मिळालाच पाहिजे, आणि दोन-तीन कोटींच्या आतल्या चित्रपटाचा वाटा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ५० टक्क्यांखाली उतरू नये, एवढीच मागणी महामंडळाने लावून धरावी. वाचकांपैकी ज्यांना ‘जारण’ किंवा ‘लपाछपी’ ओटीटीवर बघून आवडले असतील, त्यांनी पुढचा मराठी भयपट पहिल्या शनिवार-रविवारी वाशीला, ठाण्याला, कोल्हापूरला, जिथे असाल तिथे थिएटरात जाऊन बघावा. दुसऱ्या आठवड्याचा शो त्या दोन दिवसांच्या आकड्यावरच ठरतो.