सुई, गुण आणि कुंभाराचं गाढव

आपल्याकडे अ‍ॅक्युपंक्चरचा विषय निघाला की पाठोपाठ डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघतंच. सोलापूरचा मुलगा परळच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकला, १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेला. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यांच्या परळच्याच राजकमलनं. तेव्हा या सुयाही कोटणीसांनीच आणल्या असणार, असं आपण मनाशी धरून बसतो. पण ते तिथे राबले शस्त्रक्रिया करत, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. सुया भारतात आणल्या त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी, कोलकात्यात, १९५९ च्या सुमारास. कोटणीसांबद्दलचा आदर हा त्यांच्या सेवेचा आहे. तो उपचाराचं प्रमाण होत नाही. आप्तवाक्य प्रमाण मानायचं तरी आप्तानं ते वाक्य उच्चारलेलं असावं लागतं!

मग प्रमाण काय? इथे तीन प्रश्न वेगळे ठेवू या. रुग्णाला बरं वाटतं का? ते सुईमुळे वाटतं का? आणि सुईमागचा ‘ची’ नावाच्या ऊर्जेचा, तिच्या वाहिन्यांचा सिद्धांत खरा आहे का? प्रचारक पहिल्याचं उत्तर देऊन तिसरा प्रश्न सुटला म्हणतात. टीकाकार तिसऱ्याला ‘नाही’ म्हणून पहिलाही निकालात काढतात. दोघांचीही चूक एकच.

आपल्या नैयायिकांकडे यासाठी चांगलं हत्यार आहे: अन्वय-व्यतिरेक. सुई टोचली, दुखणं कमी झालं, हा अन्वय. पण व्यतिरेक पाहिला का? २००७ साली जर्मनीत तो पाहिला गेला. कंबरदुखीचे ११६२ रुग्ण, तीन गट. एकाला चिनी पद्धतीच्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे औषधं, व्यायाम वगैरे. सहा महिन्यांनी गुण आला तो पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ आणि तिसऱ्यात २७.४ टक्के रुग्णांना.

आता न्यायशास्त्रातलं गाढव आठवा. घडा घडतो तो माती, चाक, दंड, कुंभार यांच्यामुळे. माती गाढवावरून आली हे खरं, पण गाढव हे घड्याचं कारण नव्हे. ते अन्यथासिद्ध. या चाचणीत नेमका बिंदू हा बराचसा त्या गाढवासारखा निघाला. इतर अनेक चाचण्यांची एकत्र मोजणी केली तेव्हा खरी सुई खोटीपेक्षा सरस ठरली, पण थोडीच. म्हणजे गाढवाला पुरतं हाकलून देता येत नाही, पण त्याला कुंभारही म्हणता येत नाही.

तर मग कुंभार कोण? काही दुवे हाती आहेत. टोचणीनं मज्जातंतू उद्दीपित होतात आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं, एन्डॉर्फिन्स, सोडतं. २०१० साली उंदरांवरच्या प्रयोगात सुईच्या जागी अ‍ॅडिनोसिन वाढलेलं दिसलं, तेही वेदना दाबतं. याशिवाय अपेक्षा, स्पर्श, कुणीतरी अर्धा तास आपल्याकडे लक्ष देणं. यालाही मी क्षुल्लक म्हणणार नाही. वेदना ही शेवटी अनुभवली जाते, आणि अनुभव बदलला तर रुग्णाच्या दृष्टीनं बरंच काही बदललं.

पण वेदना कमी होणं आणि रोग बरा होणं या दोन गोष्टी आहेत. परळलाच टाटा रुग्णालय आहे. केमोथेरपीनंतरची मळमळ सुयांनी कमी होत असेल, तर डॉक्टरांना विचारून जरूर घ्याव्यात. पण सुयांनी गाठ विरघळेल असं कुणी म्हणालं, आणि रुग्णानं त्यावर विसंबून तीन महिने घालवले, तर तो वेळ परत मिळत नाही. सुईचा धोका टोकाला कमी, शब्दांत जास्त.

महाराष्ट्रानं २०१५ मध्ये या उपचारासाठी स्वतंत्र कायदा केला, ते चांगलंच झालं. कोण टोचतो, शिकलेला आहे का, यावर त्यामुळे लक्ष ठेवता येतं. पण कायदा व्यवसायाला मान्यता देतो, सिद्धांताला नाही. म्हणून गुडघा दुखतोय म्हणून जाणाऱ्यानं जरूर जावं. निर्जंतुक, एकदाच वापरायची सुई आहे ना ते पाहावं, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावं, आणि चालू औषध मनानं बंद करू नये. गुण आला तर आनंद मानावा. फक्त त्या आनंदाला सिद्धांताचा पुरावा म्हणू नये.